दाराजवळचे कपाट

वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारखांची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक परत करण्याची तारीख तिच्यावर शिक्क्याने उमटवतात. मी नाशिकच्या एका दैनिकात सव्वीस वर्षे उपसंपादक होतो. त्यातली अकरा वर्षे रविवारच्या पुरवणीतले पुस्तकांचे पान माझ्याकडे होते. तरीही पुस्तकांबद्दलची जी काही विश्वासार्ह माहिती मला मिळाली ती निवृत्तीनंतर, या चिठ्ठ्यांवरून.

गाजलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या सारख्याच दिसतात. पहिले चार-पाच महिने शिक्क्याला शिक्का लागलेला, एक-दोन तारखा एकमेकींवर चढलेल्या. मग एकदम कोरी जागा. दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठीवर मार्चमध्ये एक शिक्का असतो, मग ऑगस्टमध्ये, मग पुढच्या जानेवारीत दोन. मधे शाई बदलते, शिक्का बदलतो, तारखा चालू राहतात. कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवल्या तर अशी चिठ्ठी असलेली नवी पुस्तके आमच्या वसाहतीच्या वाचनालयात फार थोडी निघाली.

हा फरक मला ग्रंथपाल बाईंनी दाखवला. त्या चाळिशीच्या, विंचूरकडच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वाचनालयाच्या कार्यकारिणीकडे दाराजवळचे काचेचे कपाट मागितले. सभासद मोबाइलवर बघून जी नावे सांगतील ती पुस्तके आणायची आणि सहा महिन्यांनी त्यांच्यावरची धूळ झटकायची, हे त्यांना थांबवायचे होते. या कपाटात वैचारिक आणि माहितीपर पुस्तकांपैकी फक्त दहा वर्षांनीही कोणी उघडेल अशी ठेवायची, असा त्यांचा प्रस्ताव होता.

वाचनालयाचे अध्यक्ष ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते. प्रस्ताव ऐकून ते म्हणाले, "मॅडम, स्पर्धा परीक्षेची गाईडं ठेवायला मला जागा नाही. आणि तुम्ही न वाचलेली पुस्तकं शोकेसमध्ये लावणार?"

"न वाचलेली नाही, साहेब. हळू वाचली जाणारी."

"बरं. एक वर्ष. पुढच्या मार्चच्या बैठकीत मी रजिस्टर बघणार. लोकांनी नेली नसतील तर कपाट गाईडांना. आणि निवड तुम्ही एकट्यांनी करायची नाही, आपल्या संपादकांना बरोबर घ्या."

ते मला संपादक म्हणतात. मी कधीच संपादक नव्हतो. हे त्यांना तीन वेळा सांगून झाले आहे.

निवडीचे काम मी घेतले त्याला एक कारण होते. पुस्तकांची हवा कशी तयार होते हे मला आतून माहीत होते. पुस्तकांचे पान बुधवारी संध्याकाळी छपाईला सोडावे लागे. आठवड्याला दहा-बारा पुस्तके येत. वाचायला वेळ कोणालाच नसे. मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावनेचे पहिले पान आणि अनुक्रमणिका एवढ्यावर दीडशे शब्दांचा परिचय होत असे. पुढे दुसरी आवृत्ती आली की तिच्या मलपृष्ठावर आमचाच परिचय छापलेला असे, खाली आमच्या दैनिकाचे नाव. त्यावरून दुसऱ्या दैनिकातला उपसंपादक आपला परिचय लिही. एका पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीवर मला माझे एक वाक्य तीन वेगवेगळ्या दैनिकांच्या नावांनी सापडले. ते पुस्तक मी तेव्हाही वाचलेले नव्हते आणि, माझ्या अंदाजाने, बाकीच्या दोन दैनिकांतल्यांनीही नव्हते.

त्यामुळे मी नियम केले. मलपृष्ठ वाचायचे नाही. प्रकाशन समारंभाला जायचे नाही. ओळखीच्या माणसाची शिफारस जाहिरात समजायची. आणि मुख्य नियम असा: पुस्तकात आपल्याला ठाऊक असलेली जागा किंवा घटना शोधायची आणि फक्त ती पाने आधी तपासायची. लेखकाने जे आपल्याला माहीत आहे तेच चुकीचे लिहिले असेल, तर जे आपल्याला माहीत नाही त्याबद्दल त्याच्यावर विश्वास ठेवायचे कारण उरत नाही.

या नियमापुढे बरीच पुस्तके टिकली नाहीत. शहरांच्या भविष्याबद्दलच्या एका जाड पुस्तकात नाशिकला दीड ओळ होती आणि त्यात द्राक्षे दोनदा आली होती. कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसांवरच्या एका बक्षीसपात्र पुस्तकात लेखक मनमाडला गाडी बदलून दक्षिणेकडे दौंडला जायच्या गाडीत बसला होता आणि पुढच्याच पानावर भुसावळला उतरला होता. यशस्वी लोकांच्या सवयींवरच्या पुस्तकांत तपासण्यासारखे काहीच नव्हते. त्यांत कुठलेही गाव, तारीख किंवा पत्ता असलेला माणूस नव्हता. ते मी सगळ्यांत गंभीर समजलो.

वर्षभरात मी एकोणपन्नास पुस्तके तपासली. पंधरा कपाटात गेली, चौतीस नाकारली. नाकारलेल्या प्रत्येकाची नोंद एका वहीत, कारणासह.

त्या चौतिसांत कांद्याच्या बाजारावरचे एक पातळ पुस्तक होते. प्रकाशक अपरिचित, कागद हलका. लेखिका एका महाविद्यालयात शिकवत होत्या. प्रत्येक प्रकरणात एका बाजारातला एकच दिवस सांगितला होता. पुस्तक बाईंनीच माझ्या टेबलावर ठेवले होते, काही न बोलता. विंचूरच्या पलीकडच्या एका छोट्या बाजाराचे प्रकरण मी आधी काढले, कारण तो दिवस मला माहीत होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या बाजारात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला होता. पुस्तकात मात्र लिहिले होते की शेतकऱ्यांनी काही बंद पाडले नाही, व्यापारीच बोली लावायला आले नाहीत.

वहीत मी लिहिले: "मूलभूत चूक. लेखिकेने त्या वेळची वृत्तपत्रे पाहिलेली नाहीत." पुस्तक वाचनालयाच्या आतल्या खोलीत गेले. बाईंनी ते स्वतःच नेऊन ठेवले.

मार्चच्या बैठकीआधी तीन आठवडे बाई माझ्या घरी आल्या. वही त्यांच्या हातात होती. ती बैठकीत वाचली जाणार होती आणि इतिवृत्ताला जोडली जाणार होती.

"सर, ही एक नोंद काढता येईल का?"

"कोणती?"

त्यांनी बोट ठेवले. मी म्हणालो, चूक असेल तर काढू, नाहीतर राहील.

"चूक आहे. मी होते तिथे त्या दिवशी. वडिलांबरोबर, ट्रॉलीवर."

"मग वर्षभर सांगितलं का नाही?"

"तुम्हीच म्हणाला होतात, ओळखीच्या माणसाची शिफारस म्हणजे जाहिरात. त्या प्रकरणात आमचे आप्पा आहेत. नाव नाही, पण आहेत."

मी त्यांना चहा दिला आणि नोंद काढली नाही. खरे सांगायचे तर माझा संशय वाढला होता. पुस्तकाची साक्षीदार पुस्तकात असलेल्या माणसाची मुलगी होती, आणि तिला कपाट टिकवायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन आमच्या दैनिकाची त्या वर्षाची बांधीव फाइल काढली. बातमी तिसऱ्या पानावर होती, तीन कॉलम, "वार्ताहराकडून". मथळा: "संतप्त शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला". मथळा माझा होता. 'संतप्त' हा शब्द आमच्या बातम्यांच्या टेबलावर मी एकटाच वापरत असे, शेजारचा सहकारी 'संतापलेल्या' लिही. म्हणजे तो दिवस मला माहीत होता, तो माझ्याच बातमीवरून.

बातमी कशी झाली तेही मग आठवले. त्या भागाचे वार्ताहर किराणा दुकान चालवत आणि दुपारी दुकानातून फोन करत. ते एवढेच म्हणाले होते की आज लिलाव झाला नाही, गाड्या उभ्या आहेत. कोणामुळे झाला नाही हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. लिलाव झाला नाही म्हणजे शेतकऱ्यांनी बंद पाडला, हा आमच्याकडे तयार असलेला मथळा होता. वर्षातून चार-पाच वेळा तो लागे आणि बहुतेक वेळा खरा असे. ते वार्ताहर आता हयात नाहीत.

आठवण पुरावा धरता येत नाही, माझीसुद्धा. म्हणून रविवारी सकाळच्या बसने मी बाईंबरोबर त्यांच्या गावी गेलो.

त्यांचे वडील अंगणात कांद्याच्या चाळीचे बांबू तारेने आवळत होते. उन्हाळ कांदा यायच्या आधी साठवणीची ही चाळ दुरुस्त करून ठेवावी लागते. सत्तरीचे, काटक, कानाला मफलर.

"आप्पा, हे सर. पेपरातले."

"कोणच्या पेपरातले?"

बाईंनी नाव सांगितले. आप्पांनी तार हातातून सोडली नाही.

"तो पेपर म्या बंद केलाय. लय वर्षं झाली."

"सरांना त्या दिवसाचं विचारायचंय. लिलावाचं."

"आता? आता त्यो कांदा इकला जाणार हाये का?"

मी विचारले, त्या दिवशी लिलाव कोणी बंद पाडला.

"बंद पाडायला आधी चालू व्हावा लागतो ना, साहेब." त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि बाजेकडे हात केला. "बसा. सकाळी सातला आम्ही रांगेत. नऊला घंटा व्हायची. घंटाच झाली नाय. एकबी व्यापारी नाय. कोण म्हणे उद्या येतील, कोण म्हणे वरून भाव ठरायचाय. आम्ही ट्रॉलीखाली सावलीत बसून पोहे खाल्ले. ही ट्रॉलीवर. दुसऱ्या दिवशी हिचा बारावीचा पेपर व्हता, कांद्यावर बसून वाचत व्हती. तीनला माघारी."

"कोणी घोषणा दिल्या? गेट अडवलं?"

"झोपले व्हते निम्मे."

"मग बातमी आली."

"आली तर! पारावर सगळे म्हणायला लागले, आप्पा, बंद पाडून आला म्हणं, शाब्बास रे वाघा. म्या म्हणलं बाबांनो, म्या पोहे खाल्ले. त्यात हसण्यासारखं हाये, हसलो. पण पुढल्या लिलावाला गेलो तर व्यापारी माझ्या ट्रॉलीपाशी थांबंना. म्हणला, तुम्ही बंद पाडणारे लोक, तुमचं शेवटी बघू. शेवटी म्हणजे दिवस मावळताना."

मग त्यांनी विचारले, "तुम्ही किती वाजता आला व्हता त्या दिवशी?"

"आलो नव्हतो."

"मंग?"

"फोनवर कळलं."

आप्पांनी मुलीकडे पाहिले. "फोन कोणी केला व्हता गं, कांद्यानं?"

बाई हसल्या नाहीत. आतून चहा आला.

लेखिकेबद्दल मी विचारले. आप्पा म्हणाले, "बाई तीन येळा आली, स्कुटीवर. पहिल्या येळेला म्या पाणीबी विचारलं नाय, म्हणलं हीबी पेपरातलीच. दुसऱ्या येळेला रांगेत कोण कोण व्हतं त्यांची नावं लिहून घेतली, आन् सगळ्यांच्या घरी गेली. तिसऱ्या येळेला जे लिवलं ते वाचून दाखवलं. म्हणली, चुकलं तिथं थांबवा."

हाही मला संशयाचा मुद्दा वाटला. ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याकडून मंजूर करून घेतलेला मजकूर गुळगुळीत होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

"आणि सगळं बरोबर होतं?"

"ट्रॅक्टर माझा नव्हता," आप्पा म्हणाले. "भाड्याचा व्हता. पुस्तकात माझा लिवलाय."

"मग थांबवलं का नाही?"

आप्पांनी पक्कड पुन्हा उचलली. "राहू दिलं. ऐकायला बरं वाटलं."

ग्रंथपाल बाईंना हे माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "आप्पा!" ते म्हणाले, "काय आप्पा? बाईनं इचारलंच नाय, ट्रॅक्टर कोणाचा. म्हणली तुमचा ट्रॅक्टर, म्या म्हणलं हूं."

त्याच गावातल्या आणखी दोघांना मी वेगवेगळे भेटलो आणि बाईंना बाहेर थांबायला सांगितले. एक त्या बाजारात हमाल होते, एकाची त्या दिवशी रांगेत बैलगाडी होती. घंटा झाली नाही हे दोघांनी सांगितले, व्यापारी आले नाहीत हेही. खाण्यात पोहे होते की उपमा यावर मतभेद निघाला.

परतीच्या बसमध्ये मी वहीतली ती नोंद पुन्हा वाचली. माझ्या नियमाने या पुस्तकातले जे खरे होते ते चुकीचे ठरवले होते, आणि चुकीचे होते ते मला दिसलेच नव्हते. मग बाकीच्या तेहतीस नोंदींचे काय, हा प्रश्न निफाड येण्याआधीच उभा राहिला होता. मनमाडची गाडी मी स्वतः पकडलेली होती, ती नोंद पक्की होती. पण पाच-सहा ठिकाणी मी "माहितीप्रमाणे" असे लिहिले होते, आणि ती माहिती कुठून आली हे लिहिलेले नव्हते.

"सर, बैठकीत काय सांगायचं?" बाईंनी विचारले.

"रजिस्टर कसं आहे?"

"पंधरापैकी सहा एकदाही बाहेर गेली नाहीत."

म्हणजे कपाट जाणार होते.

बैठकीत अध्यक्षांनी रजिस्टर उलटून पाहिले आणि चष्मा काढला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. प्रयोग होता. सहा पुस्तकांना तर कोणी हातही लावलेला नाही."

मी बोलायची परवानगी मागितली. कांद्याचे पुस्तक, माझी नोंद, फाइल, मथळा, आप्पा, ट्रॅक्टर, हे सगळे क्रमाने सांगितले. पाच-सात मिनिटे लागली. कार्यकारिणीतले दोघे जण त्या काळात आमचे दैनिक घेत असत. एकाने विचारले, "म्हणजे तुम्ही तिकडे जात नव्हता?" मी सांगितले, बहुतेक वेळा नाही.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. बाकीच्यांपेक्षा त्यांना यात जास्त रस वाटत होता.

"संपादक, तुम्ही पुस्तकं ज्याच्यावर मोजली ते गेज, ते मापच चुकीचं होतं, असं म्हणताय?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"सांगता येत नाही."

"शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं होतं? प्रमाणाशी ताडून?"

"कधीच नाही."

कोणीतरी हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "आमच्याकडे गेज चुकीचं निघालं की त्याच्यावर तपासलेला मागचा सगळा माल परत काढायचे. पास केलेला पण आणि रिजेक्ट केलेला पण. त्यात पार्टचा काय दोष?" ते बाईंकडे वळले. "म्हणजे या कपाटात बरोबर पुस्तकं होती की नाही हेच आपल्याला माहीत नाही. मग ते चाललं नाही असं तरी कसं म्हणणार? खालचे दोन कप्पे गाईडांना द्या. वरचे दोन तुमच्याकडे, दिवाळीपर्यंत. चौतीस आणि पंधरा, सगळी परत तपासा. आणि या वेळी यांनी एकट्यांनी नाही."

बाईंनी मागितले होते त्याच्या निम्मे मिळाले. त्यांनी इतिवृत्तात शब्द लिहून घेतले: वरचे दोन कप्पे, दिवाळीपर्यंत.

आमच्या जुन्या दैनिकाला मी खुलासा पाठवला. इतक्या जुन्या बातमीचा खुलासा छापण्याची पद्धत नाही, असे उत्तर आले. उत्तर सभ्य होते. मीही त्यांच्या जागी असतो तर तेच लिहिले असते. मग बाईंच्या परवानगीने मी एक चिठ्ठी तयार केली आणि फाइलमध्ये त्या बातमीच्या समासात चिकटवली. लिलाव झाला नाही हे खरे, तो शेतकऱ्यांनी बंद पाडला हे खरे नाही, मथळा देणाऱ्याने चौकशी केली नव्हती, आणि ही माहिती कोणाकोणाकडून कधी मिळाली, असा सात ओळींचा मजकूर होता. दुसरी चिठ्ठी कांद्याच्या पुस्तकात, एका ओळीची: "ट्रॅक्टर भाड्याचा होता." ती चिकटवण्याआधी बाईंनी आप्पांना फोन करून विचारले. ते म्हणाले, लावा आता, एवीतेवी समद्यांना कळलंच हाये.

पुस्तक वरच्या कप्प्यात गेले. पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी ते नेले. त्यांनी ते बाईंचे मन राखायला नेले असावे, असे मला वाटले. तारखेच्या चिठ्ठीवरचा शिक्का पुस्तक नेल्याचा पुरावा असतो, वाचल्याचा नव्हे. हे मी वर्षभर विसरलो होतो.

दहा दिवसांनी ते परत द्यायला आले. मी तिथेच होतो, नाकारलेल्यांपैकी बारावे पुस्तक घेऊन. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवले, पण हात वर ठेवला.

"संपादक, यात एक गोष्ट लिहिलेली नाही. घंटा वाजवायचं काम कोणाचं होतं?"

मला माहीत नव्हते. मी बाईंकडे पाहिले. त्यांनाही माहीत नव्हते. त्यांनी मोबाइल काढला आणि आप्पांना लावला.